बिनउकळलेली कॉफी

आमच्या शेजारचे शालिकराम भाऊजी खापरखेड्याच्या वीजघरात बॉयलरवरून रिटायर झाले. जिंदगीभर तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ला यांनी, अन् तोंडाचा कॅन्सर झाला कोणाले? गोपिकाले, त्यांच्या बायकोले, जिनं कधी सुपारीबी तोंडात धरली नाही. हा कुठला न्याय म्हणावं! मले लय राग आला, अन् मी तो भाऊजीच्या तोंडावर बोलून दाखवला.

रामदासपेठेच्या दवाखान्यात रेडिएशनचा शेक देणं संपलं, तसं गोपिकाचं खाणंपिणंच सुटलं. तोंड आतून सोललेलं, अन् चव तर पार गेलेली. "सारं मातीवानी लागते वं," म्हणे. डॉक्टर म्हणाले, पोटात काही गेलं नाही तर सोमवारी नाकातून नळी घालावी लागल. तिनं हातच जोडले. "नळी नको. त्यापरीस मेलेली बरी."

आमच्या चहा पिणाऱ्या गल्लीत ती एकटी कॉफी पिणारी. पण गरम आता सोसत नव्हतं. मग पुण्याहून त्यांच्या पोरीनं, सोनिकानं फोनवर सांगितलं, "बाबा, कॉफी उकळू नका. जाड पूड थंड्या पाण्यात रातभर भिजू घाला अन् गाळून द्या. तशी जळजळत नाही."

बॉयलरवर जिंदगी काढलेला माणूस! आगीशिवाय कॉफी होते हे त्यांले पटेचना. तरी घातली भिजू. फ्रिजचं पाणी तिच्या तोंडाले झोंबे, म्हणून माठातलं घेतलं. सकाळी धुतल्या फडक्यानं गाळली, स्वतः चाखली. "मस्त झाली," म्हणे.

मी तिच्या उशाशीच बसली होती. भाऊजीनं चमच्यानं पहिला घोट दिला. गोपिकाच्या कपाळाले आठी पडली. आता थुंकते, वाटलं.

"काहो जी, माठात वाळा टाकला होता का?"

उन्हाळ्यात पाण्याले वास यावा म्हणून टाकतोच ना आम्ही सारे! त्याच पाण्यात कॉफी भिजवली या माणसानं. खर्र्यानं जीभ मेलेली, चाखून काय समजणार होतं त्यांले?

"चुकलं वं," भाऊजी रडकुंडीले आले. "फेकतो, दुसरी करतो."

"फेकता काय भाऊजी!" मी ओरडलीच. "अहो, तिले चव लागली!"

भाऊजी ढसाढसा रडले. इतक्या महिन्यांत मी त्यांले रडताना पाहिलं नव्हतं.

गोपिकानं तोंड पुसलं. "रडता काहून जी?" ती म्हणाली. "अजून द्या."