राजूरच्या वाटेवर आडवा आलेला कळप

माझ्या मुलीला प्रसाद चालत नाही. गेल्या चार वर्षांत हे वाक्य मी किती वेळा बोललो असेन याची गणती नाही. देवळात बोललो, सत्यनारायणाला बोललो, शेजारच्या बारशातही बोललो. ऐकणारा आधी हसतो, मग जरा दुखावतो आणि म्हणतो की प्रसादानं कधी कुणाला काही होत नसतं, तुम्ही श्रद्धेनं द्या. असं म्हणणारी माणसं वाईट नव्हती. पण प्रत्येक वेळी पुढे आलेला हात अडवताना माझ्या आत काहीतरी कडू होत गेलं. ज्या देवाच्या हातचं माझं लेकरू खाऊ शकत नाही, तो देव माझा कसा, असं मला वाटू लागलं होतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आज सांगतो आहे.

आम्ही जालन्याचे, मस्तगड भागात राहतो. मी सरकारी कार्यालयात कारकून आहे, पत्नी बँकेत आहे, आणि माझी आई आमच्यासोबत असते. गार्गी आमची एकुलती एक. ती चौदा महिन्यांची असताना संक्रांतीनंतर तिचं बोरन्हाण केलं. हलव्याचे दागिने, काळं झबलं, डोक्यावरून ओतलेली बोरं आणि चुरमुरे, सगळं हौसेनं झालं. आईनं तिळाच्या लाडवाचा कणभर तुकडा कौतुकानं तिच्या तोंडात घातला. पाच मिनिटांत पोरीचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, ती ओकली आणि मग तिचा श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. दवाखाना जवळ होता म्हणून ती वाचली. पुढे तपासण्या झाल्या आणि कळलं की तिळाची आणि शेंगदाण्याची, दोन्हींची तिला तीव्र अ‍ॅलर्जी आहे. तीळ-शेंगदाण्याला लागलेला हात तिला नुसता लागला तरी पुरतो.

आपल्या मराठवाड्यात शेंगदाण्याशिवाय स्वयंपाक कसा करायचा हे आम्हाला नव्यानं शिकावं लागलं. घरातून कूट गेलं, तीळ गेले, करडईचं तेल आलं. बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं वाचायची मला इतकी सवय झाली की कार्यालयातल्या फायलीही मी तशाच वाचू लागलो. डॉक्टरांनी एक इंजेक्शन कायम जवळ ठेवायला सांगितलं. औषधाच्या दोन छोट्या काचेच्या कुप्या, सुया, आणि किती ओढायचं त्याची लाल खूण केलेल्या सिरिंजा, सगळं एका डब्यात. कुपी कशी फोडायची, मांडीच्या बाहेरच्या बाजूला सुई सरळ कशी घालायची, हे त्यांनी मला आणि पत्नीला मोसंब्यावर करून दाखवलं. मोसंब्यावर माझा हात कधी चुकला नाही. घरी मात्र मी इतर कुणालाही त्या डब्याला हात लावू देत नसे. गार्गीला बालवाडीत घातलं नाही. आजोळी राहू दिलं नाही. तिच्या जिवाची राखण फक्त मीच करू शकतो, अशी माझी पक्की समजूत होती, आणि त्या समजुतीत थोडा गर्वही होता हे आज मान्य करतो.

आईचं दुःख वेगळंच होतं. लाडू तिच्या हातचा होता. त्या दिवसापासून तिनं स्वतः तीळ खाणं सोडलं आणि लेकराला घेऊन पायी राजूरच्या गणपतीला जाण्याचा नवस केला. पण मूळची आष्टीची, शेतात राबलेली ती बाई, तिचे गुडघे दोन वर्षांत पार गेले. मागच्या हिवाळ्यात अंगारकी आली तेव्हा ती मला म्हणाली की आता तूच ने, माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. पूर्वी मी दर अंगारकीला जालन्याहून राजूरपर्यंत चालत जायचो. चार वर्षांत एकदाही गेलो नव्हतो. मला जायचं नव्हतं, पण आईला नाही म्हणवेना. पत्नीला सुट्टी मिळत नव्हती. एकट्यानं नेऊ नका, असं ती दोनदा म्हणाली. मी म्हणालो, मी असताना काय होतंय.

सकाळी मोटारसायकलवर निघालो. राजूर पाच-सहा किलोमीटर राहिलं तेव्हा ओळखीच्या एका हॉटेलापाशी गाडी लावली आणि तिथून चालू लागलो. गार्गी थोडी चालायची, थोडी खांद्यावर बसायची. रस्ता भाविकांनी भरलेला होता. एका म्हातारीनं मला गूळ-शेंगदाण्याचा प्रसाद दिला. मुलीसाठी म्हणून दुसरी मूठ पुढे केली तेव्हा मी नेहमीचं वाक्य बोललो. पण माझ्या वाट्याचा प्रसाद मात्र मी खाल्ला. चार वर्षांत शेंगदाणा तोंडात टाकला नव्हता, त्यामुळे त्याची चव फार गोड लागली. पोरगी खांद्यावर आहे, तिला दिसतही नाही, असं मनात आलं. रुमालाला हात पुसले. बाटलीतल्या पाण्यानं चूळ भरली. हात धुतले नाहीत.

पुढे एका वळणावर मेंढरांचा कळप रस्ता ओलांडत होता. दोनशे-अडीचशे मेंढरं असतील, संपता संपत नव्हती. पलीकडे एक पांढरी गाडी हॉर्न वाजवत उभी होती. मलाही कंटाळा आला. गार्गीला तिथल्या छोट्या पुलाच्या कठड्यावर बसवलं, आणि वेळ जावा म्हणून पिशवीतलं केळं सोलून तिला एकेक तुकडा भरवला. याच हातानं.

तिसऱ्या तुकड्याला ती म्हणाली, "बाबा, जीभ टोचते." मी हसून म्हणालो, केळं कच्चं असेल. मग तिनं गळा खाजवला. हनुवटीखाली गांधी दिसल्या. ती खोकली, आणि पुढचा शब्द बोलली तेव्हा तिचा आवाज तिचा राहिला नव्हता, घोगरा, जाडसर झाला होता. मी स्वतःच्या बोटांकडे बघितलं आणि मला सगळं कळलं.

डबा उघडला. पहिली कुपी फोडायला गेलो तर ती हातातच चुरली, औषध मातीत गेलं आणि बोट कापलं. दुसरी नीट फुटली. सिरिंजमध्ये लाल खुणेपर्यंत औषध ओढलंही. पण सुई घेतलेला हात इतका थरथरत होता की मांडीजवळ नेववेना. गार्गी वेदनेनं नाही, भीतीनं पाय झाडत होती. भोवती माणसं जमली. कुणी पाणी पाजा म्हणत होतं, कुणी कांदा हुंगवा म्हणत होतं. मी चार वर्षं ज्या क्षणाची तयारी केली होती तो समोर आला होता आणि माझ्याकडून काही होत नव्हतं. मी मनात देवाचं नावही घेतलं नाही. तेवढी शुद्धच नव्हती.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारा आत आला. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडं. तो कळप त्याचाच होता. त्यानं सिरिंजकडे बघितलं, पोरीकडे बघितलं, काठी खाली टाकली आणि माझ्यासमोर बसला. दोन्ही हातांनी त्यानं गार्गीचा पाय गुडघ्याच्या वर आणि खाली असा धरला की तो जणू जमिनीत रोवला गेला. कोकराला लस टोचताना तो असाच धरत असावा.

"हात थरथरू द्या, भाऊ," तो शांतपणे म्हणाला. "पाय हालत न्हाई, म्या धरलाय. तुमी फकस्त टोचा."

मी टोचलं. कापडावरूनच टोचलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं मनात आकडे मोजत सुई धरून ठेवली. म्हाताऱ्यानं पाय सोडला नाही. त्यानंतर तो उठला आणि त्या पांढऱ्या गाडीपाशी गेला. हॉर्न वाजवणारा गृहस्थ स्वतःच खाली उतरून बघत उभा होता. म्हातारा त्याला एवढंच म्हणाला की जल्दी करा, लेकरू दवाखान्यात न्यायचंय. त्या गृहस्थानं मागचं दार उघडलं. मेंढरं बाजूला झाली होती. गाडी निघाली तेव्हा म्हाताऱ्यानं कमरेच्या पिशवीतून चिमूटभर भंडारा काढून गार्गीच्या कपाळाला लावला. मी दचकून विचारलं नाही की यात काय काय आहे. नंतर आठवलं तेव्हा त्याचंच नवल वाटलं.

दवाखान्यात पोहोचेपर्यंत गार्गीचा श्वास मोकळा होत आला होता. ती माझ्या मांडीवर आडवी होती. मध्येच म्हणाली, "बाबा, एक मेंढरू माझ्याकडेच बघत होतं." आवाज तिचा होता, माझ्या ओळखीचा. मी गाडीच्या खिडकीकडे तोंड केलं. तिथल्या डॉक्टरांनी तिला तपासलं, पुढचं औषध दिलं, संध्याकाळपर्यंत नजरेखाली ठेवलं. ते म्हणाले की इंजेक्शन वेळेवर दिलंत हे फार बरं केलंत.  गाडीवाला गृहस्थ पत्नी येईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून होता.

त्या आठवड्यात मी पत्नीला खरं सांगितलं. शेंगदाणा मी खाल्ला, हात माझे होते. ती रागावेल याची मी वाट बघत होतो.  पण ती म्हणाली की दोन वर्षांपूर्वी बँकेत कुणीतरी दिलेला चिवडा खाऊन आल्यावर तिनं गार्गीच्या गालाचा मुका घेतला होता, आणि गालावर उठलेल्या गांधी डास चावल्याच्या आहेत असं तिनं मला सांगितलं होतं. दोन वर्षं ती ते एकटीच बाळगून होती. आईनं आतून ऐकलं असावं. ती येऊन आमच्याजवळ बसली. घरात कुणीच कुणाला दोष दिला नाही. आमच्या तिघांच्याही मनावर एकच ओझं होतं आणि आम्ही ते तीन वेगळ्या खोल्यांत वाहत होतो.

अकरा-बारा दिवसांनी मी त्या म्हाताऱ्याला शोधत गेलो. कळप दोन शिवारं पुढे सरकला होता. एका शेतकऱ्यानं खतासाठी मेंढरं बसवून घेतली होती. म्हाताऱ्यानं मला लगेच ओळखलं नाही. ओळखल्यावर आधी त्यानं पोरीचं विचारलं, मग सुनेला चहा ठेवायला सांगितला. मी शाल पुढे केली, त्याच्या पाया पडलो आणि म्हणालो, "बाबा, तुम्हाला त्या दिवशी देवानंच पाठवलं."

तो हसला. "देव कशाला पाठवतंय, भाऊ. मेंढरं जिकडं जातेत तिकडं मी जातो. त्या दिशी दुसऱ्याच रस्त्यानं जायाचं व्हतं. एक मेंढी सकाळीच व्याली, मंग पान्यासाठी इकडं वळलो."

इतक्या सहज तो हे बोलला. मी चार वर्षं देवाशी भांडत होतो, आणि हा माणूस देवाचा आव न आणता त्याच्या मर्जीनं चालत होता. चहा पिताना मी त्याला इंजेक्शनचं सगळं सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "तुमच्या मागारी लेकराला कोन टोचनार?" मी म्हणालो, मी आहे, तिची आई आहे. तो म्हणाला, "म्या सुनंला शिकवलंय. म्या आजारी पडलो तरी मेंढरं जगतेत."  शाल त्यानं घेतली आणि सुनेच्या अंगावर टाकली.

परतताना मी राजूरला गेलो. गर्दी नव्हती. गाभाऱ्यासमोर उभा राहिलो आणि लक्षात आलं की मागायला काही सुचत नाही. मुलीला बरं कर, असं मी दरवेळी म्हणत आलो होतो, आणि तसं झालं नाही म्हणून रुसलो होतो. तिची अ‍ॅलर्जी आजही तशीच आहे. त्या दिवशी रस्त्यावर घडलं तो चमत्कार होता का, हे मला ठरवता येत नाही आणि ठरवण्याची गरजही वाटत नाही. मला एवढंच कळलं की राखण माझी एकट्याची नव्हती, कधीच नव्हती. मी उगीच सगळा भार डोक्यावर घेऊन, इतरांचे हात अडवत उभा होतो.

मग आम्ही हात वाढवले. आई आधी घाबरली, तिनं चार मोसंबी वाया घालवली, पण शिकली. शेजारच्या काकू शिकल्या. जूनमध्ये गार्गीला शाळेत घातलं. तिच्या वर्गाच्या बाईंनी स्वतःहून विचारलं की मलाही दाखवा. मी दाखवलं, त्यांनी माझ्यासमोर दोनदा करून बघितलं, आणि वर्गात कुणाचा डबा कुणी खायचा नाही असा नियम सगळ्या मुलांसाठी केला. पहिल्या दिवशी गार्गी मागे न बघता वर्गात गेली. मी मात्र फाटकाशी थोडा वेळ उभा राहिलो आणि मग कार्यालयात गेलो.

दुपारी जेवणाचा डबा उघडला तेव्हा घड्याळाकडे लक्ष गेलं. कार्यालयात येऊन दोन तास होऊन गेले होते आणि या दोन तासांत मला तिची काळजी वाटली नव्हती, आठवणही आली नव्हती. चार वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. आधी शाळेला फोन लावायला मोबाईल उचलला. मग तो खाली ठेवला. आजूबाजूला सहकारी जेवत होते, पंखा फिरत होता. मी टेबलाखाली हात जोडले, आणि जेवायला लागलो.