लाल टॅग

मी रोह्याच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होतो. रिटायर होताना मिळालेली शाल कुठे आहे ते बायकोलाच ठाऊक. पण एक लाल टॅग मी हट्टाने मागून आणला, तो देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला असतो. 'काम चालू आहे, स्विच लावू नये' असं त्यावर छापलंय आणि खाली काम करणाऱ्याने मार्करने आपलं नाव लिहायचं; ह्याच्यावर माझं आहे. दुरुस्तीला पंप उघडला की त्याच्या स्विचवर असा टॅग लागायचा, आणि ज्याने लावला त्यानेच तो काढायचा. मॅनेजरलाही हात लावता येत नसे. बायको टोमणा मारायची, "अवो, घरात काय पंप हाय तुमचा?"

सून पेणची. पोह्याच्या पापडांत तिचा हात धरणारं आमच्या आळीत कुणी नाही. कोलाडला हायवेवरच्या एका दुकानदाराने तिला पहिली मोठी ऑर्डर दिली. पाकिटावर लेबल हवं आणि माल संध्याकाळच्या आत हवा, नाहीतर दुसऱ्याचा घेईन, असं त्याने बजावलं होतं. लेबल तिने घरच्या कंप्युटरवर स्वतः तयार केलं. पाकिटं भरून झाली आणि प्रिंटरने मौन धरलं.

मग सुनेने पुन्हा प्रिंट दाबलं. मुलगा सेकंड शिफ्टला जाता जाता दाबून गेला. बायकोने तर देवळातली घंटा वाजवावी तसं येता-जाता दाबलं. कंप्युटर दुरुस्त करणाऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, "आणून टाका, फॉरमॅट मारू, परवा न्या."

सुनेचा चेहरा उतरला. "नाय जमत म्हणून सांगते दुकानात," असं म्हणून तिने मोबाइल उचलला. मला राग आला. एवढी राबली पोर, आणि एका कागदापायी तिचा माल घरात पडून राहणार?

कंप्युटरमधलं मला ओ की ठो कळत नाही. तरी म्हटलं, "थांब गो. ह्याच्या आत काय चालतं ते तरी बघ."

तिने मोबाइलवर शोधून वाचून दाखवलं. प्रिंटची कामं रांगेत लावून पुढे पाठवणारी एक सर्व्हिस आत असते, ती बंद पडली होती. तिने सुरू केली, तर लगेच पुन्हा पडली. रांगेच्या तोंडाशी एखादी खराब फाईल अडकली की असं होतं म्हणे. आणि आमच्याकडे तिच्यामागे सगळ्यांनी दाबलेल्या प्रिंटा तुंबल्या होत्या.

मला हसूच आलं. अख्खी नोकरी तुंबलेल्या लाईनी मोकळ्या करण्यात गेली होती माझी. "आधी पंप बंद," मी म्हटलं, "मग लाईन साफ, मग पंप चालू. तोवर कुणी बटणाला हात लावायचा नाय." खिळ्यावरचा टॅग काढून मी मॉनिटरला अडकवला. बायको तोंड वाकडं करून स्वयंपाकघरात गेली.

सुनेने सर्व्हिस बंद केली, अडकलेल्या फायलींचा फोल्डर शोधला. "बाबा, सगळ्या काढू?"

"तुझं लेबल दुसरीकडं ठेवलेलं हाय ना?"

"व्हय."

"मग काढ."

फोल्डर रिकामा झाला. तिने सर्व्हिस चालू केली. आम्ही दोघं बघत राहिलो. ती पडली नाही. मग मी टॅग काढला आणि तिने प्रिंट दाबलं, एकदाच. प्रिंटर घरघरला आणि तिच्या नावाचं लेबल बाहेर आलं. माल मीच स्कूटरवरून कोलाडला पोचवला. दुकानदाराने न विचारताच मी त्याला सांगितलं की ही माझी सून.

परवा बाजारातून घरी आलो, तर मॉनिटरला टॅग. प्रिंटर पुन्हा अडला होता आणि सून एकटीच कामाला लागली होती. टॅगवरचं माझं नाव पुसून तिने मार्करने स्वतःचं लिहिलं होतं.

बायको माझ्यावर उखडली. "मला भजनाचा कागद छापायचा हाय, तर ही हात लावू देत नाय. काढा बघू तो टॅग."

आयुष्यात कधी एवढा अभिमान वाटला नव्हता. पिशवी खाली ठेवून मी म्हटलं, "तिचा टॅग हाय. मला नाय काढता येत."