भाताच्या लोंबीचा काठ

सीमाभागातल्या वडगावात आमच्या घरचे माग दिवसभर खडखडायचे, पण त्यांवर निघणारा एकही काठ आमचा नव्हता. सूत व्यापारी द्यायचा, नक्षीही तोच द्यायचा, आणि साडी तयार झाली की तिला त्याच्या नावाचं लेबल लागायचं. संकेश्वरहून सून म्हणून आले तेव्हा मी मामंजींना विचारलं होतं, आपण आपली नक्षी का काढत नाही?

"काढणारा येगळा, इणणारा येगळा," ते म्हणाले. "पयल्यापास्नं असंच हाय."

लग्नाआधी मी एका छापखान्यात लग्नपत्रिका सजवायचे. त्या भरवशावर, थेट गिऱ्हाईक मिळावं म्हणून, आमच्या मागावरच्या साड्यांचे फोटो मोबाईलवरून लोकांना दाखवायला सुरुवात केली. फोटो सजवायचं ॲप आधी फुकट होतं, मग पैसे मागू लागलं. साडीचं वर्णन लिहून देणाऱ्या एआयचंही तेच. दोन्हींचे पैसे भरले त्या महिन्यात एका साडीची मजुरी त्यातच गेली, आणि मी दोन्ही बंद केली.

छापखान्यातली जुनी मैत्रीण म्हणाली, "अगं, ओपन सोर्स वापर की."

"चोरीचं असतंय का ते?"

"न्हाय गं. जगभरच्या लोकांनी मिळून केलंय, कुणीबी वापरावं म्हणूनच."

नवऱ्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर तिनं मला गिंप आणि इंकस्केप ही चित्रं काढायची फुकटची सॉफ्टवेअर घालून दिली. पहिले काही दिवस साधी रेघ सरळ येईना. मग हात बसला.

त्याच सुमाराला सांबऱ्यात दिलेली माझी थोरली नणंद घरी आली. त्यांच्या भजनी मंडळाला सप्ताहासाठी एकसारख्या साड्या हव्या होत्या, आणि काठावर भाताची लोंबी हवी होती. व्यापाऱ्यानं तिला वाटेला लावलं होतं. इतक्या थोड्या साड्यांसाठी नवा काठ कोण करणार?

"मी करते, आक्का," माझ्या तोंडून निघून गेलं.

 मामंजी उठून मागाकडे गेले.

गिंपमध्ये चित्र खूप मोठं केलं की त्याचे बारीक चौकोन दिसतात. एक चौकोन म्हणजे एक धागा, असं धरून मी लोंबी भरत गेले. नक्षीप्रमाणे पुठ्ठ्यांना भोकं पाडून देणाऱ्यानं ती फाईल घेतली, ते पुठ्ठे मागावर चढले आणि नमुन्याचा काठ विणून निघाला. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तो हातात धरून उजेडात नेला.

"लोंबी न्हवं ही," त्या म्हणाल्या. "गोम हाय."

खरंच गोम होती. दाण्यांची केसांसारखी कुसं दोन्ही बाजूंनी पायांसारखी वळवळत होती. मी हसले. पुन्हा बसले. कुसं जवळजवळ सगळी काढून टाकली, दाणे टपोरे केले, दांडी एका अंगाला वाकवली. पुठ्ठे पुन्हा पाडून घेतले. या खेपेला मामंजींनी माग स्वतः चालवला. काठ वीतभर पुढं सरकला तसा त्यांनी माग थांबवला आणि त्यावरून अंगठा फिरवला.

"भरलंय," ते म्हणाले. "दाणं भरल्यात."

सप्ताहाच्या दिंडीत सांबऱ्याच्या बाया त्या हिरव्या साड्या नेसून टाळ वाजवत निघाल्या, तेव्हा मी रस्त्याकडेला उभी होते. बघायला आलेली दर दुसरी बाई पुढं होऊन काठाला हात लावत होती. मी फोटो काढले. मजकूर लिहायला आता पैसे पडत नव्हते. घरच्याच कॉम्प्युटरवर चालणारं एक खुलं, लहानसं एआय नवऱ्यानं बसवून दिलं होतं. त्याचं मराठी बरं होतं, कन्नड मात्र अगदीच वेडंवाकडं. ते नवऱ्यानं सुधारलं, तो कन्नड शाळेत शिकलेला. दोन्ही भाषांतल्या मजकुरासह फोटो गेले, आणि निपाणीपासून खानापूरपर्यंतचे फोन सुरू झाले.

आठवड्यात व्यापारी स्वतः दारात आला. चहा घेता घेता मामंजींना म्हणाला, "तो काठ आम्हाला द्या."

"माझा न्हाय तो. सूनबाईचा हाय. तिला इचारा."

त्यांनी मला बाहेर बोलावलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या माणसासमोर खुर्चीवर बसले.

"काठ वापरा," मी म्हटलं, "पण साडी आमच्या मागावर विणली जाईल आणि लेबल आमचं लागेल."

तो मामंजींकडे बघत राहिला. मामंजी बशीतला चहा पीत राहिले. शेवटी त्यानं मान हलवली. त्याच आठवड्यात मी इंकस्केपमध्ये आमचं लेबल काढलं, त्यावर आत्याबाईंचं नाव घातलं. त्यांनी ते तीनतीनदा वाचलं आणि पदर डोळ्यांना लावला.

आता दुपारी गल्लीतल्या सुना माझ्याकडे शिकायला बसतात. शेजारणीनं पहिल्याच झटक्यात शेवंती काढली, माझ्या लोंबीपेक्षा सरस. आज सकाळी तिचा काठ तिच्या मागावर चढला. तो आवाज भिंतीपलीकडून इकडं ऐकू येतोय.