ऑर्डिनरिली

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. वेळ आली नाही असं नाही. आली, अनेकदा आली, आणि दर वेळी मी विषय बदलला, नाहीतर उठून पाणी प्यायला गेलो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि स्वातीलाही नाही. स्वाती माझी धाकटी बहीण.

मी पोटासाठी काय करतो ते आधी सांगतो. मी भाषांतरं करतो — सोसायट्यांचे पोटनियम, कारखान्यांच्या नियमावल्या, करारनामे. इंग्रजीतून मराठीत. नियमांच्या इंग्रजीत साधे दिसणारे शब्दच घात करतात. 'मे' म्हणजे करता येईल, 'शॅल' म्हणजे करावंच लागेल. 'सँक्शन' तर एका ठिकाणी मंजुरी असतो आणि दुसऱ्या ठिकाणी शिक्षा. 'रेग्युलेट' म्हणजे बंदी घालणं नव्हे, पण निम्म्या लोकांना तसंच वाटतं. ऑफिसात नवीन पोरं येतात, त्यांना मी हे सगळं समजावून सांगतो. पण मजकुरात एक शब्द आला की मी तो कागद बाजूला सरकवतो आणि चहाला जातो.

ऑर्डिनरिली.

काय आहे त्यात? सर्वसाधारणपणे. एरवी. एवढंच ना? पण नियमात हा शब्द असला की त्या नियमाला सूट असते. एरवी असं करावं लागेल — म्हणजे कुणाची अडचण असेल तर अर्ज करा, विचार होईल. मला हे तेव्हाही माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

आम्ही कोल्हापुरात, पेठेत राहायचो. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. त्यांच्या म्हशी होत्या, दुधाचा रतीब होता. मी इंग्रजी घेऊन बीए करत होतो आणि तालमीच्या, म्हणजे पेठेतल्या मंडळाच्या, फुटबॉल टीमचा गोलकीपर होतो. गोलकीपर — म्हणजे राखीव. बाहेर बसणारा. आमच्या पेठेत फुटबॉल म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. मॅच हरली तर घराघरात जेवणं होत नसत.

स्वाती नुकती दहावी झाली होती. गल्लीत पोरांबरोबर खेळायची. आई ओरडून दमली. स्वाती डाव्या पायानं असा बॉल मारायची की मी नुसता बघत राहायचो. मी, गोलकीपर!

त्या वर्षी मला टीममधून काढलं. आणि त्याच महिन्यात शहराबाहेरच्या मुलींच्या फुटबॉल केंद्रात निवड चाचणी झाली. स्वाती निवडली गेली. दुसऱ्या दिवशी चौकात एकानं मला थांबवलं, "पावणं, तुम्ही स्वातीचं भाऊ न्हवं?" तोवर ती माझी बहीण होती. — हसू येतंय ना? मलाही येतं कधीकधी. पण तेव्हा कानशिलं तापली होती, ते अजून आठवतं.

आबांची ना नव्हती, हे मुद्दाम सांगतो. त्यांची एकच अट होती — पोरगी रात्रीची घरात पाहिजे. खेळू दे, पळू दे, पण मुक्काम घरी. केंद्राकडून नियमांचा कागद आला, तो सगळा इंग्रजीत. घरात इंग्रजी येणारा मी एकटा. आबा गोठ्यात धार काढत होते, स्वाती दारात उभी होती. मी वाचलं. 'ट्रेनीज शॅल ऑर्डिनरिली रिसाइड इन द हॉस्टेल.' प्रशिक्षणार्थींनी एरवी वसतिगृहात राहावं.

"हॉस्टेलात राहावं लागतंय," मी म्हणालो.

आबांनी धार थांबवली. "नीट वाच की. कुठं सूट हाय काय?"

"न्हाय आबा. शॅल लिवलंय. शॅल म्हंजे सक्तीच."

बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की मी खोटं बोललो नाही. फक्त एक शब्द वाचायचा राहिला. शॅल म्हणजे सक्तीच, नाही का? कुणालाही विचारा.

पण तसं नाही. तेवढंच असतं तर — स्वातीनं कागद माझ्या हातातून घेतला. तिला इंग्रजी जेमतेम यायचं. तिनं एकेका शब्दाखाली बोट फिरवत वाचायला सुरुवात केली आणि बोट थांबलं.

"दादा, ह्यो मधला लांबडा शब्द कसला?"

"काय न्हाई गं. इंग्रजीत भरीला घालत्यात तसलं."

तिनं मान हलवली. कागदाची घडी करून माझ्याकडे दिला. रडली नाही, भांडली नाही. का भांडेल? नियमाशी कोण भांडतं? आबा पुन्हा धार काढायला लागले. त्या दिवशी मला काय वाटलं, ते सांगू? हलकं वाटलं. वाईट वगैरे नंतर. आधी हलकं.

स्वाती थोडे दिवस खेळली. मग ती मैदानावर जायची थांबली आणि तिनं तिचे बूट मागच्या गल्लीतल्या दीपालीला देऊन टाकले.

आता पुढचं. खरं सांगायचं ते हेच आहे, आधीचं सगळं मी कदाचित हे टाळायला इतकं लांबवलं. पुढच्या वर्षी दीपाली त्याच केंद्रात निवडली गेली. तिची आई थेट तिथं गेली, म्हणाली, घरात दुसरं कोणी नाही, पोरगी रात्री घरी लागते. त्यांनी अर्ज लिहून घेतला आणि परवानगी दिली. दीपाली रोज एसटीनं जाऊन-येऊन शिकायला लागली.

स्वाती माझ्या खोलीत आली. "दादा, दीपालीला कसं काय घरी ऱ्हायाला दिलं?"

मला वेळ होता. खूप वेळ होता. माझीच वाचण्यात चूक झाली म्हणून सांगितलं असतं, तर तिनं शिव्या दिल्या असत्या, आबांनी मारलं असतं, आणि पुढच्या चाचणीला ती गेली असती. अजून वय होतं तिचं. पहिल्या वेळी मी जळत होतो. या वेळी तर तसलंही काही नव्हतं. मी पुस्तकातून डोकं वर काढून शांतपणे म्हणालो, "यंदा नियम बदलला."

"व्हय?" ती म्हणाली. "बरं झालं तिचं."

गेल्या रविवारी कागलला गेलो होतो, तिच्या सासरी. आता तिला दोन मुलं आहेत, नवऱ्याचं ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान आहे, हिशेबाचं सगळं तीच बघते. दुपारी जेवायला बसलो तेव्हा टीव्हीवर मुलींची मॅच लागली होती. तिचा नवरा मला म्हणाला, "पावणं, हिची निवड झालती म्हणं. मग गेली का न्हाई?"

मी पाण्याचा तांब्या जवळ ओढला. स्वातीच बोलली.

"नियमात बसत न्हवतं ओ. इंग्रजीत हुतं सगळं. दादानं नीट वाचून बघितलंतं की."

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.

स्वातीनं माझ्या ताटात गरम भाकरी वाढली. मी ती खाल्ली.