सरळ झालेल्या माना

शैलाताई गेल्याचं त्यांच्या भाचीनं फोनवर कळवलं, तेव्हा मी हुक लावत बसले होते. हातातली सुई तशीच राहिली... चारच दिवसांपूर्वी त्या माझ्या दुकानाच्या पायऱ्या एकट्या चढून आल्या होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, पाठ ताठ.

आमची ओळख ब्लाउजमुळे झाली. कर्वेनगरात माझं शिवणकामाचं लहानसं दुकान आहे. दहा वर्षांपूर्वी त्या माप द्यायला आल्या आणि माझ्याकडेच बघत राहिल्या. “अहो, मान सुईखाली घालायचा विचार आहे का?” मला राग आला. पण तेव्हा माझी मान इतकी दुखायची की वेणी घालायला हात वर जात नसे, बोटांना मुंग्या यायच्या. मशीन विकायचं मी मनाशी ठरवलं होतं. घरी कुणाला बोलले नव्हते, ते त्यांना सांगून टाकलं.

ताई निवृत्त फिजिओथेरपिस्ट होत्या. मुंग्या आहेत म्हणून आधी त्यांनी मला डॉक्टरांकडे धाडलं. व्यायामाला हरकत नाही असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा कुठे माझ्याच मोबाइलवर बाजूनं माझा फोटो काढून दाखवला. कान खांद्याच्या केवढा पुढे! मग हनुवटी आत घ्यायची, पाच मोजायचे, सोडायची. खांदे मागे, पाठीवरची खांद्यांची पाती एकमेकांजवळ. रोज तीन वेळा. “एवढंच?” मी विचारलं. “एवढं तरी करा, मग बोलू.” तीन महिने लागले, पण मशीन दुकानातच राहिलं.

पुढे माझ्यासारख्या बायका जमत गेल्या, तशी ताईंनी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये शुक्रवारी दुपारी शिकवणी सुरू केली. मांजरी गावाहून लता यायची, लग्नाला दोनच वर्षं झालेली. सगळं मन लावून करायची, पण पुढच्या शुक्रवारी मान पुन्हा खाली. ताईंनी कारण विचारलं, तर रडायलाच लागली. “घरात मान वर केली की सासूबाई म्हणतात, लई शेफारली.”

दुसऱ्या दिवशी ताई बस पकडून थेट मांजरीला गेल्या. मला बरोबर नेलं. मला वाटलं, आता भांडण होणार. ताईंनी मात्र चहा घेतला आणि सासूबाईंना म्हणाल्या, “आपली मान किती वर्षं दुखतेय?” डोक्यावरचा पदर सारखा करत म्हातारी म्हणाली, “भारे वाहत व्हते तवापासनं दुखतीया. पर इचारलं कुनी?”

पुढच्या शुक्रवारी दोघी एका रिक्षातून उतरल्या. वर्षभर आल्या. सासू मोजायची, सून करायची... मग उलट.

ताई गेल्यावरही शुक्रवार आम्ही चुकवला नाही. परवा हॉलला रंग द्यायचं निघालं. व्यायाम करताना भिंतीला डोकं टेकवून टेकवून तिथं केसांच्या तेलाच्या डागांची ओळ उमटली आहे, कमीजास्त उंचीवर. मी सेक्रेटरींना म्हटलं, एवढी भिंत सोडा. “डाग जपायचे?” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मग भिंतीजवळ जाऊन डाग नीट पाहिले आणि खूण करायला रंगाऱ्याकडचा खडू मागून घेतला.

“कुठपर्यंत सोडायचं?”

मी सगळ्यांत वरचा डाग दाखवला. ताई आमच्या सगळ्यांत उंच होत्या.