हातोडीला लागलेली हळद

आधीच सांगून टाकते... मला भुताखेतांच्या गोष्टींचा मनस्वी कंटाळा आहे. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. वर्गात कुणी ‘बाई, आमच्याकडे चकवा लागतो’ म्हणालं, की मी त्याला उभं करायचे आणि म्हणायचे, ‘लागला की मला बोलाव, मी मोजपट्टी घेऊन येते.’ या सदरातले अनुभवसुद्धा मी नाक मुरडतच वाचते. त्यामुळे आज मीच लिहायला बसलेय म्हटल्यावर आमचे हे मघापासून हसताहेत. हसू देत. जे झालं ते माझ्या डोळ्यांसमोर झालं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही भिवंडीत कामतघरला राहायचो. आबा, म्हणजे माझे वडील, धामणकर नाक्याजवळच्या एका शेडमध्ये लूम, म्हणजे कापडाचा यंत्रमाग, चालवायचे. लूमच्या आवाजाने त्यांचे कान पार गेले होते. आमच्याकडे त्याचं कुणाला नवल नव्हतं. जुना कारीगर म्हटला की तो बहिराच. शेडमध्ये कुणी कुणाला हाकच मारत नसे. ओठ बघून बोलायचं, आणि माणूस पाठमोरा असला तर त्याच्या लूमच्या लाकडावर ठोकायचं. हात लाकडाला टेकलेला असतो, त्यातून बरोबर कळतं. प्रत्येकाचं ठोकणं वेगळं. शेठचा एकच दणका. माझी नुसती टकटक, पाऊस पडल्यागत. आणि माझा मोठा भाऊ बाळूदादा — दोन ठोके, जरा थांबून तिसरा. आबा मान न वळवताच हसायचे आणि म्हणायचे, “काय रं?”

बाळूदादा आमच्या घरातला पहिला शिकलेला. स्कॉलरशिपवर इंजिनिअर झाला आणि पुढे मुंबईच्या एका कॉलेजात संशोधन करायला लागला. विषय कुठला, तर आबांचा लूम! लूममध्ये धोटा असतो. टोकांना लोखंड बसवलेला, पोटात दोऱ्याची कांडी घेऊन ताण्याच्या उभ्या दोऱ्यांतून इकडून तिकडे धावणारा. तो कधीकधी उसळून बाहेर उडतो, गोळीसारखा. आबांच्या शेजारच्या कारीगराचा डोळा असाच गेला होता. दुसऱ्यांना निदान आवाज बदललेला कळायचा, आबांना तेवढंही नाही. दादाला रात्रंदिवस तीच एक भीती होती.

त्याचं म्हणणं असं, की धोटा उडायच्या जरा आधी लाकडाची थरथर बदलत असणार. ती ओळखता आली तर माणूस बाजूला होईल. मग तो लूमला बटणाएवढं यंत्र चिकटवायचा, कागदाच्या पट्टीवर थरथरीच्या रेघा उमटवून घ्यायचा, रेघा मोजून कार्डांना भोकं पाडायचा आणि ती कार्डं कॉलेजातल्या खोलीएवढ्या कॉम्प्युटरला खाऊ घालायचा. आई म्हणायची, “पोराला एवढं शिकवलं, आणि हा पुठ्ठ्याला भोकं पाडत बसलाय!”

सूचना देण्यासाठी घंटा नाही, दिवा नाही. त्याने लावली एक छोटी लोखंडी हातोडी. आबांचा हात टेकतो त्या लाकडापासून दोन बोटं वर, स्प्रिंगवर तोललेली. धोका दिसला की विजेने ती खाली ओढली जाणार आणि लाकडावर ठोके देणार. दोन, जरा थांबून तिसरा. त्याचे सर म्हणाले, “अहो, हातोडी कसली लावताय? मशीनच बंद करा की.” दादा म्हणाला, “सर, माझ्या वडिलांना हाक अशीच मारतात.”

पण काम अडलं. धोटा उडतानाची रेघ हवी होती, आणि दादा यंत्र लावून बसला की धोटा मेला उडायचाच नाही! आबा त्याची चेष्टा करायचे, “तुझ्या परीक्षेसाठी उडवू काय रं धोटा? सांग, कुठं उभा राहू?” दादाला हसू यायचं नाही. तो म्हणायचा, “आबा, असं बोलू नका.”

त्या श्रावणात दादाला कावीळ झाली. झाडपाला झाला, दवाखाना झाला... आणि आमचा बाळूदादा गेला. लग्न व्हायचं होतं त्याचं. आई आडवी पडून राहिली. आबा मात्र रडलेच नाहीत. सुतक फिटलं आणि डबा घेऊन ड्युटीवर गेले. मला तेव्हा त्यांचा फार राग आला होता, खोटं कशाला सांगू?

कॉलेजातला त्याचा एक मित्र येऊन यंत्रं, वायरी, सगळं परत घेऊन गेला. हातोडी तेवढी राहिली, कारण ती दादाने गावच्या लोहाराकडून घडवून घेतलेली. तिला आता ना वायर, ना वीज. लूम चालला की ती जागच्या जागी किंचित थरथरायची, बस्स.

खंडेनवमी आली. शेडमध्ये लूम बंद ठेवून धुऊनपुसून पूजा करायची रीत. आमच्या घरात त्या वर्षी सण नव्हताच. आई म्हणाली, “तुम्हीपण राहू द्या.” आबा म्हणाले, “दुःख आपल्याला हाय. लूमला कसलं सुतक?” मी त्यांच्यासोबत गेले. त्यांनी ओल्या हळदीची बोटं लाकडावर ओढली, धोट्याला कुंकू लावलं, झेंडू वाहिला. हातोडीपाशी हात थांबला. खंडेनवमीला पूजा होते ती राबणाऱ्या अवजाराची. “हिला न्हाय,” ते म्हणाले. “हिची ड्युटी अजून सुरू झाली न्हाय.”

दसऱ्यानंतर थोड्या दिवसांनी, भर दुपारी मी डबा घेऊन शेडमध्ये गेले. आबा माझ्याकडे पाठ करून उभे. आत दोनच लूम चालू होते, दुसऱ्यावरचा कारीगर लांब भिंतीकडे. मी दारातच होते, लाकडापर्यंत पोचलेसुद्धा नव्हते. तेवढ्यात आबांची मान हलली. ते हसले. दादा गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं हो! ओठ हलले, स्पष्ट दिसलं मला — “काय रं?” आणि ते लूमपासून बाजूला होत वळले.

धोटा उडाला. त्यांचं डोकं जिथे होतं तिथून गेला आणि मागच्या भिंतीत शिरला. गिलाव्याचा पोपडा खाली आला. माझ्या हातातला डबा कधी पडला, मला कळलंच नाही.

शेठ धावत आला, आबांना चाचपत म्हणाला, “चाचा, बच गये! ऊपरवाले का शुक्र मनाओ!” आबांचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. ते दारामागे बघत होते. मग मला विचारलं, “बाळू कुठं गेला?”

मी लूमपाशी गेले. हातोडी नेहमीसारखी वर, दोन बोटं. पण तिचं तोंड पिवळं झालं होतं. लाकडावर खंडेनवमीची वाळलेली हळद होती, ती हातोडीखाली तेवढी उडालेली, आणि तिथे लाकूड ताजं दबलेलं. सकाळी आबांनी लूम पुसला तेव्हा ती हातोडी स्वच्छ होती, असं ते शपथेवर सांगायचे.

मी तेव्हापासूनच विज्ञानाची. गप्प कशी बसणार? दादाच्या त्या मित्राला गाठलं. तो म्हणाला, धोटा उडतानाच्या झटक्याने हातोडी आपटली असेल. मान्य! पण मग आबा आधीच कसे वळले? तर म्हणे, इतक्या वर्षांच्या सवयीने हातालाच कळलं असेल. हेही मान्य. पण हाताला धोका कळला तर कारीगर दांडा ओढून लूम बंद करतो, आणि तो घाबरलेला असतो. हाक ऐकल्यासारखा हसत मागे बघत नाही. त्यावर तो चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, “बाळू असता तर विचारलं असतं.”

त्यानंतर ती हातोडी कधी लाकडावर आपटली नाही. आबा रोज लूम बंद केला की लाकडावर ठोके द्यायचे — दोन, जरा थांबून तिसरा — आणि तळवा तसाच टेकून उभे राहायचे. मी कितीतरी वेळा बघितलंय. वाट बघून बघून ते हात काढून घ्यायचे आणि चपला घालायचे.

पुढच्या खंडेनवमीला त्यांनी सगळ्यात आधी हातोडीला हळद लावली. कुंकू लावलं. झेंडूचं फूल ठेवलं आणि म्हणाले, “झाली बाबा तुझी ड्युटी. जा आता.” आणि त्या बंद, शांत शेडमध्ये माझे आबा पहिल्यांदा रडले. स्वतःचा आवाज त्यांना ऐकू येत नव्हता. नाक्यापर्यंत गेला असेल तो.

आबा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. उत्तर मला मिळालेलं नाही, आणि ‘आत्मा’ वगैरे मी अजूनही म्हणणार नाही. हातोडी माझ्या देवघरात आहे. खंडेनवमीला तिला हळद मीच लावते. का लावता, बाई, असं कृपा करून कुणी विचारू नका.