दोन कपाळांचे एक्स-रे

साठ सालाच्या आगेमागे मी बेंगळूरच्या एका सरकारी इस्पितळात एक्स-रे काढायचं काम करत होते. विभागात बाई मी एकटीच. हातपाय मोडलेले, खोकणारे, नाणं गिळलेली पोरं, असली माणसं रोजची. त्यामुळे एका सकाळी आनेकलकडची एक बाई दाराशी उभी राहिली तेव्हा मी सवयीने विचारलं, "काय दुखतंय?"

"मला काही नाही. धन्याचा फोटो शोधायचाय. डोक्याचा. इथंच काढला होता."

मी शेजारच्या वॉर्डातल्या आयाला मराठीत हाक मारलेली तिने ऐकली असावी, कारण तीही मराठीत बोलली. आमच्यासारखीच पिढ्यान्‌पिढ्या इकडे राहिलेल्या घरातली. तिशीची असेल. कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि मागे भिंतीला टेकून उभा असलेला थोरला दीर त्या कुंकवाकडे बघायचं टाळत होता.

झालं होतं ते असं. तिचा नवरा शाळामास्तर. दहा महिन्यांपूर्वी घरातून निघून गेला तो आलाच नव्हता. आता गावाजवळच्या तळ्यातला गाळ काढताना एक कवटी सापडली, शेजारी कुजलेला कातडी पट्टा. पट्ट्याचं बक्कल पाहून दीर म्हणाला, माझ्या भावाचंच. पोलिसांनी तसं लिहून घ्यायची तयारी केली. घरात तेराव्याची बोलणी सुरू झाली. ही मात्र ऐकेना.

"बक्कल काय, संतेच्या बाजारात ढिगाने मिळतं," ती म्हणाली. "त्यांचं डोकं सारखं दुखायचं, म्हणून इथं आणलं होतं. तुमच्याजवळ त्यांचं डोकं आहे ना, अक्का? मग ते नि हे ताडून बघा."

तिने पदराच्या गाठीतून केसपेपरची चिठ्ठी काढली. खाली माझीच सही होती.

मी तिला बाकावर बसवलं आणि आमच्या डॉक्टरांकडे गेले. चष्म्यावरून बघत त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"भुवयांच्या वर हाडात पोकळ्या असतात," ते म्हणाले. "त्यांचा आकार दोन माणसांचा सारखा नसतो. परदेशात यावरून ओळख पटवलेली मी वाचलीय. स्वतः कधी केलेलं नाही. फिल्म शोधा आधी. पोलिसांशी मी बोलतो."

जुन्या फिल्म जिन्याखालच्या खोलीत रचलेल्या असत. तिथला दमटपणा असा, की कित्येक फिल्म एकमेकींना चिकटून बसलेल्या. दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत मी लिफाफे उपसत होते. ती रोज पहिल्या बसने यायची आणि बाकावर बसून राहायची. तिसऱ्या दिवशी फिल्म मिळाली. एक कोपरा खराब झाला होता, पण कपाळ स्वच्छ दिसत होतं.

मी ती उजेडाच्या पेटीवर लावली. मास्तरांची मान डावीकडे कललेली होती. कपाळ नि नाक नीट टेकलंय की नाही हे बघायचं माझं काम, आणि मी ते बघितलं नव्हतं. नवी नवी असतानाची फिल्म ती. मोजमापात चूक झाली तर एका बाईचं कुंकू माझ्या हलगर्जीपणापायी जाईल, असं मनात आलं. मी फिल्म डॉक्टरांपुढे नेऊन चूक सांगितली.

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "मग कवटीही तितकीच कलती ठेवा. ट्यूब त्याच अंतरावर. बाकी आपण बघून घेऊ."

पोलिसांनी कवटी लाकडी खोक्यात, भुशात घालून आणली होती. खालचा जबडा नव्हता. कापसाच्या गुंडाळ्या लावून मी ती टेबलावर पालथी टेकवली. पहिली फिल्म पार काळी आली, कारण कातडी-मांस नसलेल्या हाडाला किरणांचा इतका मारा लागत नाही हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मारा कमी केला. दुसरीत कवटी जास्त कलली. कानाजवळच्या हाडाची रेघ डोळ्याच्या खाचेत जुन्या फिल्मवर जिथे पडली होती तिथेच पडायला हवी होती. चौथ्या खेपेला ती पडली.

"आता मी मोजतो, तुम्ही लिहा," डॉक्टर म्हणाले. "जुन्या फिल्मचे तुम्ही काढलेले आकडे मला दाखवू नका, नाहीतर मन तिकडे झुकेल."

ते टोकदार कर्कटक लावून एकेक अंतर मोजत गेले. खाचेपासून खाचेपर्यंत, पोकळीची रुंदी, उंची. प्रत्येक माप तीनदा. डोळ्यांच्या खाचांमधलं अंतर जवळपास सारखं निघालं तेव्हा माझी पेन्सिल थांबली. पण पुढे पोकळ्यांची पाळी आली. मास्तरांच्या फिल्ममध्ये उजवी पोकळी चांगली रुंद, वर तीन फुगवटे आलेली होती. कवटीत उजवीकडे काहीच नव्हतं. डावीकडे तेवढी चिंचोक्याएवढी खळगी.

सब-इन्स्पेक्टरला पटेना. "पाण्यात राहून हाड झिजलं असेल, डॉक्टर."

"बाहेरून झिजेल. आत असलेली पोकळी भरून कशी येईल? हा तो माणूस नव्हे. मी लिहून देतो."

बाहेर जाऊन सांगायचं काम माझ्याकडे आलं. ती आणि दीर दोघं उठून उभी राहिली.

"ते नाहीत," मी म्हटलं. "तळ्यातला माणूस दुसराच कुणीतरी."

ती रडली नाही. "सरी," म्हणजे बरं, एवढंच कानडीत म्हणाली आणि पदराने तोंड पुसून नळावर पाणी प्यायला गेली. ओंजळीमागून ओंजळ किती वेळ पीत होती. कोसळला तो दीर. इतका दांडगा माणूस, पायरीवर बसून हुंदके देत होता. "मीच त्याला मेला म्हणालो, अक्का. रोज वाट बघणं सोसवेना, म्हणून म्हणालो."

"ते जिवंत आहेत असं या फिल्मवरून कळत नाही हं," मी त्याला सांगितलं. सांगणं भाग होतं.

"कळू दे न कळू दे. माझ्या तोंडचं खोटं झालं, पुष्कळ झालं."

त्या संध्याकाळी आईने मला मागच्या दारीच अडवलं. बंबात पाणी तापलं होतं. मी म्हटलं, "अगं, मास्तर नव्हतेच ते. आता आंघोळ कशाला?"

"कुणीतरी होतंच ना," आई म्हणाली. "जा, डोक्यावरून घे."

कढत पाणी अंगावर घेताना कितीतरी दिवसांनी खांदे सैल झाले. मग दोन वेळा भात मागून घेतला. आई वाढत राहिली.

तळ्यातला तो माणूस कोण, ते शेवटपर्यंत कळलं नाही. डॉक्टरांनी त्याची मापं पोलिसांच्या कागदात जोडली होती, पण विचारायला कुणीच आलं नाही.

मास्तर मात्र आले. दोनेक महिन्यांनी ती बाई आली ती त्यांना घेऊनच. थोरल्या भावाशी भांडून ते तिकडे कोडगूच्या डोंगरात एका कॉफीच्या मळ्यावर लिखापढी करत राहिले होते. आधी रागाने पत्र टाकलं नाही, मग लाजेने. गावचा एक गाडीवाला तिथल्या बाजारात भेटला आणि म्हणाला, तुमचं तेरावं थोडक्यात हुकलं. दुसऱ्या दिवशी मास्तर बसमध्ये बसले.

माणूस बारीक, चिडका. माझ्याकडे धड बघेना. मी जुनी फिल्म पेटीवर लावून दाखवली.

"हा मी?"

"तुम्हीच. मान कललेली आहे, ती चूक माझी."

त्यांनी बोटाने स्वतःच्या भुवईवर चाचपून बघितलं. बायको एकदम फिसकन हसली. मग म्हणाली, "चला आता. बस चुकली तर म्हशीची धार राहील." आणि त्यांची पिशवी स्वतः उचलून ती पुढे चालूही लागली.